बाईंचा राजा माफी मागत नाही

बाईंची प्रार्थना सुरू झाली की आम्ही आया डोळे मिटायचो, ते भक्तीनं कमी आणि भीतीनं जास्त. कारण प्रभूशी बोलताना बाई काही आडपडदा ठेवत नसत. तालमीच्या आधी सगळ्या मुलांना गोल उभं करायच्या, एकमेकांचे हात धरायला लावायच्या आणि सुरू व्हायच्या.

"हे स्वर्गीय पित्या, आजचा दिवस दिलास, उपकार मानतो. योनाथानच्या आईला रोज ट्रॅफिकची सबब सुचते, तिला ऐरोलीहून लवकर निघायचंही सुचू दे. त्याच्या वडिलांनी काल पाठांतर सोडून लेकराला मॅच बघायला बसवलं, त्यांना क्षमा कर. आणि रिबेकाच्या आईनं शिवलेल्या झग्याची एक बाही लांब नि एक आखूड आहे, हे तू वरून बघतोच आहेस."

"आमेन," सगळे म्हणायचे. माझी रिबेका जरा जास्तच जोरात.

रिबेकाची आई म्हणजे मी. बाईंनी मला दुसऱ्या कुठल्याही नावानं कधी हाक मारली नाही. मला नाव आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, याचीही मला शंका आहे.

आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, काही ख्रिस्ती कुटुंबं मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवायची. परीक्षा तेवढी बाहेरून द्यायची. लोक विचारायचे, मग मुलांना दोस्त कुठले मिळणार? तो प्रश्न आम्हालाही पडलेलाच होता, म्हणून नाटकाचा ग्रुप काढायचं ठरलं. आम्हाला हवं होतं काय, तर नाताळला अर्ध्या तासाचं गोड नाटुकलं. मेंढपाळ, तारा, गव्हाण, फोटो. पाळकसाहेबांनी बाईंचं नाव सुचवलं. त्या नगरकडच्या, लग्न न केलेल्या, मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या सिस्टर म्हणून रिटायर झालेल्या. "आयुष्य थिएटरमध्येच गेलं माझं," असं त्यांनी पहिल्या दिवशी सांगितलं. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत.

मग म्हणाल्या, "मेंढपाळ करायला संडे स्कूल आहे. इथे आपण जुनी, मोठी नाटकं करायची. लिहिणारा कधीच मेला आणि नाटक अजून चालतंय, अशी."

"पण बाई, मुलं लहान आहेत," मी म्हटलं.

"मग वाढतील."

तालमीला जागा मिळाली ती कळंबोलीच्या लोखंड बाजारात. मंडळीतल्या एकांचं तिथे गोदाम होतं, त्याच्या माडीवरची खोली त्यांनी आम्हाला दिली. आमच्या मुलांना शाळा नाही, म्हणून तालमी भर दुपारी, आठवड्याच्या मधल्या वारी. म्हणजे नेमक्या खाली ट्रक लागलेले असताना. नाटकातली राणी आपल्या मेलेल्या मुलासाठी रडायला लागली की खाली लोखंडी पत्र्यांची चळत धाडकन पडायची. मी म्हटलं, बाई, जागा बदलू या. कोपरखैरण्याला आमच्या सोसायटीचं ऑफिस दुपारी रिकामंच असतं.

"तिथे शांतता आहे," बाई म्हणाल्या, जणू तिथे उंदीर आहेत.

मुलांना त्या सांगायच्या, "पत्रा पडला तर थांबायचं. घाबरून नाही, राजासारखं थांबायचं. पत्र्यानं वाट बघावी असं थांबायचं. मग बोलायचं." माईक त्यांना चालत नसे. चारसहा महिन्यांत आमची मुलं अशी बोलायला लागली की घरी मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरून कोणीतरी वर बघायचं.

पण मला खरा वैताग होता तो भूमिकांचा. बाई कोणाला कुठलं काम, हे प्रयोगाच्या दिवशी सकाळी सांगायच्या. तोपर्यंत सगळ्यांनी सगळं नाटक पाठ करायचं. राजापासून पाणी आणून ठेवणाऱ्या नोकरापर्यंत. मुलगी राजा होऊ शकायची, मुलगा दासी. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "ऑपरेशनला कोण पेशंट येणार ते आम्हाला आधी ठाऊक असायचं का? तयारी सगळ्याची ठेवायची."

ठीक आहे, तुमची तयारी. पण कपडे कोण शिवत होतं? मी. योनाथान ताडमाड उंच, खारघरची छोटी सुवार्ता माझ्या कंबरेला लागणारी, आणि राजाचा झगा दोघांनाही व्हायला हवा. मी शेवटी सगळ्या कपड्यांना नाड्या घालायला सुरुवात केली. खांद्याला नाडी, कंबरेला नाडी, घेराला नाडी. ओढलं की लहान, सोडलं की मोठं. बोनकोड्याच्या दुकानदारानं मला एकदा विचारलंच, "ताई, मंडप बांधताय का?"

बाई त्याच बोनकोडे गावात एका आगरी आजीच्या घरी खोली घेऊन राहत. एकदा मी मापं द्यायला गेले तर आजी ओट्यावरच अडवून हळूच म्हणाली, "बाय, तुमची ती मास्तरीन एकलीच भांडतं. एकदा बाप्याच्या आवाजान, एकदा बाईच्या. मना वाटलं, हिच्या आंगान कोन तरी हाय."

मी म्हटलं, "नाटक आहे, आजी."

"हां, मना पन मागून समजलं," आजी म्हणाली. "आता मी खुर्ची टाकून आयकतं."

बाईंना खोटं मरण खपत नसे. मुलांना स्टेजवर मरायची भारी हौस. छातीवर हात, डोळे वर, धप्प. बाई कपाळाला हात लावायच्या. "कोण मरतं असं? मी पाहिलंय, लेकरांनो. मरणारा माणूस चादर नीट करतो. पाणी मागतो आणि आणलं की पीत नाही. खिडकी उघडी आहे का विचारतो." त्या हे अगदी साध्या आवाजात सांगायच्या. मग एका प्रयोगाला सुवार्ता अशी मेली, अंगावरचं पांघरूण दोन बोटांनी सारखं करत, की तिची आजी प्रेक्षकांतून उठून थेट स्टेजवर गेली आणि तिला हलवायला लागली. प्रयोग थांबला. आजीला खाली आणायला तिघं लागले. आम्ही सगळे शरमेनं अर्धे झालो. बाईंचा चेहरा मात्र असा, की त्यांना पदक मिळालंय.

एकदा तर त्यांनी गोदामाखाली उभ्या असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरलाच वर आणलं. तो बिचारा दोन रात्री गाडी चालवून आलेला. बाईंनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि मुलांना म्हणाल्या, "बघा. दमलेला माणूस असा बसतो. पाठ बघा. हात कुठे ठेवलेत बघा." आमची मुलं त्याच्याभोवती मांडी घालून बसली आणि टक लावून बघायला लागली. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, मैंने कुछ किया क्या?" मी त्याची माफी मागितली, आणखी एक चहा मागवला. बाई म्हणाल्या, "रिबेकाची आई, त्याला बोलायला लावू नका, तो ताठ बसायला लागलाय."

हे सगळं मी सोसलं, कारण रिबेका बदलत होती. घरात एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसणारी, पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारी माझी मुलगी आता भाजीवाल्याशी घासाघीस करायची. तेव्हा झग्याच्या नाड्या, कळंबोलीची धूळ आणि प्रभूच्या कानावर जाणारी माझ्याविषयीची गाऱ्हाणी, सगळं मी गिळत होते.

आणि मग ते राजाचं नाटक आलं.

कुठलंसं फार जुनं परदेशी नाटक होतं. बाईंनी ते इंग्रजीतून स्वतः मराठीत आणलं होतं. गोष्ट साधी. राजाचा धाकटा भाऊ लढाई हरून, जखमी होऊन रात्री किल्ल्याच्या दरवाजाशी येतो. राजाला त्याचा मत्सर. तो दरवाजा उघडू देत नाही. रात्रभर भाऊ बाहेरून हाका मारतो. बहीण पाया पडते, म्हातारा सेवक पाया पडतो. पहाटे हाका थांबतात. सगळे राजाकडे बघतात. राजा म्हणतो, "दरवाजा बंद राहू दे. ताट वाढा." पडदा.

पालकांच्या मीटिंगमध्ये योनाथानचे वडील उभे राहिले. ते सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सगळं मुद्देसूद बोलणारे. "बाई, मुलांनी घरी काय न्यायचं? माणसानं पाप केलं, जेवायला बसला, संपलं. यात मेसेज काय?"

"मेसेज मोबाइलवर येतात," बाई म्हणाल्या.

पाळकसाहेब समजुतीनं म्हणाले, "बाई, आपला ग्रुप ख्रिस्ती आहे. शेवटी राजाला पश्चात्ताप झाला, तो गुडघ्यावर आला, देवाची क्षमा मागितली, एवढं घातलं तर काय बिघडतं? देव क्षमा करतो हे मुलांना दिसायला नको?"

बाई म्हणाल्या, "देव करतो. त्याबद्दल मला शंका नाही, पाळकसाहेब. पण पश्चात्ताप असा खाडकन होत नाही. मी खाटेवरची माणसं पाहिलीत. काहींना वर्षं लागतात, काहींना होतच नाही. ते न होणं किती भयंकर असतं, हे एकदा दिसू दे लेकरांना. तुम्ही राजाला रडवलंत की बघणारे डोळे पुसून मोकळे. घरी जाऊन स्वतःचा दरवाजा कोण तपासणार?"

"म्हणजे बदलणार नाही?"

"लेखकाला विचारून या. तो हो म्हणाला तर बदलते."

मला दोन्ही बाजूंचा राग आला. एक माणूस वाक्य सोडत नाही आणि बाकीचे एका वाक्यासाठी सगळा ग्रुप मोडायला निघालेत. शेवटी योनाथानच्या वडिलांनी स्वतःच एक भाषण लिहिलं, राजाच्या पश्चात्तापाचं. पालकांनी ठरवलं, मुलांना ते परस्पर पाठ करायला लावायचं. प्रयोगात एकदा म्हटलं गेलं की बाई काय करणार? आणि बाईंच्या पद्धतीप्रमाणे राजा कोण होणार हे ठाऊक नसल्यामुळे ते सगळ्याच मुलांनी पाठ केलं.

"आई, हे बाईंना ठाऊक नाही," रिबेका मला म्हणाली.

"सगळ्या मोठ्यांनी मिळून ठरवलंय," मी म्हटलं. "तुझ्यावर आलं तर म्हण आणि मोकळी हो. तुझ्यावर येईलच असं कुठे आहे?"

प्रयोग वाशीच्या एका हॉलमध्ये होता. सकाळी बाईंनी मुलांना उभं केलं, एकेकाकडे बघितलं आणि रिबेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "राजा."

मी झग्याच्या नाड्या ओढून बांधल्या. एकेक गाठ दोनदा मारली.

नाटक सुंदर झालं, हे मला कबूल करायलाच हवं. हॉल भरलेला, मंडळी, नातेवाईक, शेजारी. योनाथान दरवाजाबाहेरचा भाऊ होता. तो दिसत नव्हता, फक्त हाका यायच्या, आणि प्रत्येक हाक आधीच्यापेक्षा हळू. शेवटची हाक थांबली तेव्हा पंख्यांचा आवाज ऐकू यायला लागला. रिबेका पुढे आली. गुडघ्यावर बसली, हात जोडले आणि म्हणायला लागली, "हे परमेश्वरा, मी अधम, मी पापी..."

पहिल्या रांगेत बाई उभ्या राहिल्या.

"थांब, रिबेका."

तालमीत म्हणत तशाच आवाजात. मागे कोणीतरी हसलं. त्यांना वाटलं, हे नाटकातच आहे.

"हे वाक्य आपलं नाही," बाई म्हणाल्या. "ऊठ. हाका थांबल्या तिथून परत घे."

मी उठले, पण माझ्या नवऱ्यानं माझा हात धरून ठेवला. योनाथानचे वडील "बाई, प्लीज, बाई, बसा," म्हणत पुढे धावले. बाईंनी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. स्टेजवर माझी पोरगी, गुडघ्यावर, कान लालभडक. एवढ्या माणसांत तिच्याकडे बघत नाही असं कोणी नव्हतं.

ती उठली. मागे गेली. पुन्हा पुढे आली. राजाच्या जागी उभी राहिली आणि सरळ बाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "दरवाजा बंद राहू दे. ताट वाढा."

ज्या थंड आवाजात ती ते म्हणाली, तो मी घरात कधी ऐकला नव्हता. तो राग राजाचा नव्हता, तिचा स्वतःचा होता, आणि तो बाईंवर होता. टाळी वाजायला बराच वेळ लागला. वाजली तेव्हा खूप वाजली. रिबेकानं वाकून नमस्कार केला नाही. सरळ विंगेत निघून गेली. आत झग्याच्या नाड्यांना अशी गाठ बसली होती की मला कात्रीनं कापाव्या लागल्या. घरी आल्यावर ती बाथरूमचं दार लावून रडली.

त्या आठवड्यात ग्रुप मोडला. योनाथानच्या घरच्यांनी त्याला काढलं, पाठोपाठ बाकीच्यांनीही. मी बाईंना फोनवर जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या पूर्ण ऐकून म्हणाल्या, "तुमचं संपलं असेल तर ठेवते."

तालमीच्या खोलीत सुवार्ता आणि आणखी दोघं उरली. पुढे बाईंचे गुडघे गेले आणि त्या श्रीरामपूरला बहिणीकडे राहायला गेल्या, ती फार नंतरची गोष्ट. पण प्रयोगानंतर जे झालं ते मला कोणाला नीट सांगता येत नाही, कारण सांगायला लागले की मला आधी राग येतो आणि मग दुसरंच काहीतरी होतं.

त्या रविवारी उपासनेनंतर आमची बेल वाजली. दारात बाई. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. त्यांना धाप लागली होती. मी तोंड उघडायच्या आत म्हणाल्या, "तुमच्याकडे नाही आले. रिबेका आहे?"

रिबेका बाहेर आली. मी खुर्ची पुढे केली, बाई बसल्या नाहीत. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभ्या राहिल्या.

"मी तुला लोकांसमोर थांबवलं," त्या म्हणाल्या. "ते चुकलं माझं. भाषण तू लिहिलं नव्हतंस. ज्यांनी लिहिलं त्यांना नंतर जाब विचारायचा होता, ते मी केलं नाही, आणि तुला थांबवलं. मला माफ कर."



"आणि ते वाक्य?" रिबेकानं विचारलं.

"वाक्य खोटंच होतं. ते मी मागे घेणार नाही."

"राजानं माफी मागायची नाही आणि तुम्ही मागायची?"

"राजा कागदावरचा आहे, लेकरा. त्याचं नाटक संपलं. माझं अजून संपलेलं नाही."

रिबेका म्हणाली, "मी नाही माफ करणार."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेल्या.

पुढच्या रविवारी पुन्हा बेल. पुन्हा त्या उभ्याच. पुन्हा तेच, मोजक्या शब्दांत, चढ नाही, उतार नाही, डोळ्यांत पाणी नाही. रिबेका पुन्हा "नाही" म्हणाली. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. आमच्याकडे रविवारचं जेवण त्या बेलच्या हिशोबानं व्हायला लागलं. माझा नवरा हळूच बेडरूममध्ये जाऊन बसायचा. शेवटी माझाच धीर सुटला. मी म्हटलं, "अगं, टाक ना करून माफ! जिने चढून चढून एक दिवस आपल्या दारात पडतील त्या."

बाई माझ्याकडे वळल्या. अगदी तालमीतला चेहरा.

"रिबेकाची आई, मध्ये बोलू नका. तिला घाई नाही, मला घाई नाही. तुम्हाला कसली झालीय?"

माझ्याच घरात, माझ्याच मुलीची बाजू घेऊन, मलाच. मी इतकी चिडले की गॅसवरचं दूध उतू गेलं ते मला कळलंच नाही.

किती रविवार असे गेले, मी मोजले नाहीत. एका रविवारी बाईंना यायला उशीर झाला. रिबेका दोनदा गॅलरीत जाऊन खाली बघून आली. बेल वाजली तेव्हा मी उठायच्या आत तिनंच दार उघडलं. बाईंनी पर्स पोटाशी धरली, श्वास घेतला आणि बोलायला सुरुवात करणार एवढ्यात रिबेका म्हणाली, "बसा, बाई."

बाई खुर्चीच्या हातावर भार टाकून, हळूहळू, एखादं नाजूक काम करावं तशा बसल्या. रिबेकानं पाणी आणून दिलं. त्यांनी ते सगळं प्यायलं. रिबेका त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली. 

मी स्वयंपाकाच्या ओट्याशी हातात फडकं घेऊन, कोण आधी बोलतं याची वाट बघत होते. दोघींनी एकदमच माझ्याकडे बघितलं.

"रिबेकाची आई," बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा आत जाता का?"

मी गेले.